सस्पेन्शनची चौकशी

खानदेशची जमीन काळी आहे, एवढे शाळेतल्या भूगोलात एका वाक्यात सांगून टाकतात आणि लगेच कापूस, केळी, ज्वारी अशी पिकांची यादी सुरू होते. त्याच जमिनीवर रस्ता टाकला तर त्याचे काय होते हे मात्र पुस्तकात नसते. ते जळगावहून धुळ्याला मोटारीने जाणाऱ्याच्या पाठीला कळते.

ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. वैशाखात शेतातून चालावे तर मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा. श्रावणात त्याच भेगा मिटतात आणि चपलेला शेरभर चिखल लागतो. रस्त्याच्या मधोमध, डांबराच्या पांघरुणाखाली, ओल त्यामानाने सारखी राहते; कडेची माती मात्र दर ऋतूत फुगते आणि आटते. म्हणून कडेने लांबच लांब चिरा जातात आणि वरच्या डांबराला लाटा येतात. इंजिनियर मंडळी मातीत चुना मिसळतात, मुरुमाचे थर देतात, पाण्याला वाट काढून देतात. काळी जमीन दोन-चार पावसाळे दम धरते आणि मग पुन्हा कूस बदलते.

तेव्हा आमच्याकडच्या रस्त्यावर खड्डा आणि लाट अशा दोन निराळ्या वस्तू असतात. खड्डा दिसतो, त्याला शिव्या देता येतात, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. लाट दिसत नाही. गाडी चांगल्या वेगात असताना एकाएकी पोटात पाळण्यात बसल्यासारखे होते, गाडी वर जाते, खाली येते, आणि सरळ रस्ता आल्यावरही दोनदा मान हलवून घेते. हा फरक वाचकांनी कोपऱ्यात बांधून ठेवावा. पुढे सगळे त्याच्यावरच येऊन ठेपणार आहे.

जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटरचे. सुरतेकडून येऊन नागपूरकडे जाणारा हा जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. २०१० साली सरकारने साऱ्या महामार्गांचे आकडे बदलले आणि त्याचा ५३ झाला. जुनी माणसे अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. जळगाव सोडले की बांभोरीला गिरणेचा पूल लागतो. पुलापलीकडे माळावर आमचे विद्यापीठ. २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. शेतात काम करता करता ओव्या रचणाऱ्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे नाव पदव्यांच्या कागदावर छापले जाते, याचा मराठीच्या मास्तराला आनंद होतो तो निराळाच. पुढे पाळधी, मग पांडववाड्याचे एरंडोल, मग किल्ल्याचे पारोळे, मग मुकटी, फागणे आणि धुळे. चौपदरीकरणाच्या कामात या पट्ट्याने काही वर्षे फार हाल काढले. आता बहुतेक वाट रुंद झाली आहे. मौज अशी, की रस्ता रुंद झाला तसा वेग वाढला, आणि वेग वाढला तशा ज्या लाटा पूर्वी जाणवत नव्हत्या त्या जाणवू लागल्या.

या रस्त्याने आमच्या घराला दरसाल एकदा सहकुटुंब जावे लागते, ते कानबाईला. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. नारळाच्या रूपातली ही देवी. तिच्यासाठी घरे सारवून, रंगवून निघतात, आणि तिचे रोट खायला भाऊबंदकी जिथे असेल तिथून येते. पुण्या-मुंबईला गेलेली मुलेही या दिवशी गावाकडची गाडी पकडतात. रोट भाऊबंदांखेरीज दुसऱ्याला देत नाहीत, त्यामुळे ‘तुमच्या वाट्याचे पाठवून देतो’ अशी सोयही नाही. आमची कानबाई धुळ्याला, देवपुरात, थोरल्या चुलतभावाच्या घरी बसते. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो.

आमच्या आईचे वय ७६. लग्न होऊन आल्यापासून तिची कानबाई चुकलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली आणि कमरेचा एक मणका दबला. सहा महिन्यांत ती हिंडू-फिरू लागली. डॉक्टरांनी सांगितले, ‘प्रवासाला हरकत नाही, हिसके मात्र नकोत.’ गेल्या वर्षी ज्येष्ठात आम्ही तिला चाचणी म्हणून एरंडोलपर्यंत नेऊन आणले. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर दोन दिवस पलंगावर होती, आणि श्रावण आला तेव्हा म्हणाली, “तुम्ही जा सगळे. मी इथूनच हात जोडेन.” आम्ही गेलो. नानांनी आईचा पाट मांडून ठेवला होता. त्या पाटावर कोणी बसले नाही.

म्हणून यंदा चैत्रातच मी गाडीच्या मागे लागलो.

गाडी म्हणजे सात आसनांची, एका कुटुंबाला पुरेल अशी मोटार. हल्ली तिला फॅमिली वॅगन म्हणतात. आमच्या पिढीला वॅगन म्हटले की सावदा-रावेरची केळी भरलेली आगगाडीचीच आठवते. ही आम्ही जुनी घेतली. वय नऊ वर्षे, धाव ९२,००० किलोमीटर. आधीच्या मालकांनी हौसेने तिला रुंद, चकचकीत अलॉय चाके बसवली होती. रिकामी असताना गाडी झकास दिसे. सात माणसे आणि सामान चढले की तिची मागची बाजू पाहुण्याने सोफ्यात बसावे तशी खाली बसे.

आता सस्पेन्शन या शब्दाविषयी. गाडीचे धूड आणि चाके यांच्यामध्ये जे काही लवचीक लटकवलेले असते त्या साऱ्याला सस्पेन्शन म्हणतात. मराठीत या अर्थाचा शब्द रुळलेला नाही. ‘निलंबन’ हा आहे तो सरकारी नोकरीतला. प्राध्यापकांच्या खोलीत मी फोनवर, “माझ्या सस्पेन्शनचं काय करायचं ते एकदा ठरवून टाकू,” असे म्हणालो आणि तासाभरात आमच्या शिपाईमामांनी येऊन विचारले, “सर, चौकशी कोण करणार आहे?” मी म्हणालो, “मीच.” ते गोंधळून निघून गेले.

लोकांनी मात्र आपापले शब्द केले आहेत आणि ते छान आहेत. पोलादी पट्ट्या एकावर एक बांधून केलेली ट्रकची ती कमान-पाटे. टांग्यालाही असत. इंग्लंडमध्ये १८०४ च्या सुमारास ओबादाया एलियट नावाच्या गृहस्थाने घोडागाडीसाठी अशा पाट्यांचे पेटंट घेतले, असे इतिहास सांगतो. वेटोळी असते ती स्प्रिंग. आणि शॉक अब्सॉर्बरचा आमच्याकडे सरसकट ‘शॉकअप’ झालेला आहे. दुकानांच्या पाट्यांवर तो शॉकप, शाकप, शॉकॉप अशा सर्व पाठभेदांत सापडतो. संशोधकाने प्रबंध लिहावा.

आमच्या दमणीला यांतले काही नसे. लाकडी आस, लाकडी चाक, त्यावर साटा. तरी आजी माहेराहून बाळंतीण सुना त्या दमणीतून आणी. खाली वीतभर कडबा, त्यावर गोधड्यांची घडी, आणि बैल चालीने. आजही केळीचे घड ट्रकमध्ये भरताना मध्ये केळीचीच पाने अंथरतात, नाही तर फळ काळे पडते. माल नाजूक असला की खानदेशातला माणूस काय अंथरायचे याचा विचार आधी करतो.

प्रथम मी जळगावातच विचारपूस केली. अजिंठा चौफुलीच्या बाजूला एक नवे, काचेचे दुकान आहे. तिथल्या तरुण मालकाने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चार प्रकार समोर मांडले. पहिला, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचा जाड रबरी बफर; जोडी तीन हजारांच्या आसपास. दुसरा, जास्त जाड तारेच्या कडक स्प्रिंगा आणि सोबत गॅसचे शॉकअप. पस्तीस हजारांच्या घरात. तिसरा, मागच्या स्प्रिंगच्या पोटात बसणारे हवेचे फुगे. माणसे जास्त असली की चाकासारखी हवा भरायची, उतरली की सोडायची. चौथा, नुसती चकती घालून गाडी दीड-दोन इंच उंच करणे. “सर, लूक एकदम बदलून जाईल,” तो म्हणाला. मी म्हणालो, “लूक नको. आमच्या आईची कंबर आहे.” तो पोरगा भला होता. त्याने चौथा प्रकार निमूटपणे बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत यावर परिसंवाद झाला. इतिहासाचे सर म्हणाले, बोलेरो घ्या, मागे पाटे आहेत, चिरंजीव गाडी. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, विकून इनोव्हा घ्या; त्यांना किंमत कोणी विचारली नाही. ग्रंथपाल म्हणाले की बफर टाका, त्यांच्या साडूने टाकले आहेत, गाडी दगडासारखी झाली आहे. ‘दगडासारखी’ हे त्यांनी कौतुकाने म्हटले होते. पदार्थविज्ञानाच्या बाई तोवर वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “दगडावर कोण बसणार आहे?”

मग त्यांनी मला जे सांगितले ते इथे माझ्या भाषेत देतो, कारण गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा ऐकावे. प्रवासी गाडी स्प्रिंगवर वरखाली होते ती साधारण दर सेकंदाला एक ते दीड वेळा. या संथ झोक्याचा माणसाला फारसा त्रास होत नाही. बसलेल्या माणसाचा कणा सर्वांत हळवा असतो तो दर सेकंदाला चार ते आठ वेळा बसणाऱ्या हादऱ्यांना. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांच्या कंबरा जातात त्या अशाच हादऱ्यांनी. स्प्रिंग जितकी कडक तितका झोका जलद. दुप्पट कडक केली तर जवळजवळ १.४ पट. शिवाय कडक स्प्रिंग रस्त्याचे बारीक हादरेही गिळत नाही, जसेच्या तसे वर पाठवते. म्हणजे गाडी मागे बसते म्हणून तिला कडक करावे, तर आईच्या मणक्याला नको तेच नेमके आपण पैसे देऊन विकत आणतो. “आणि वर्षातून सात माणसं बसतात किती दिवस?” बाईंनी विचारले. मी म्हणालो, “फार तर दहा.” “मग तीनशे पंचावन्न दिवस तुम्ही एकटेच दगडावर बसून कॉलेजात येणार.”

घरी सौभाग्यवतींनी तिसरीच बाजू काढली. गाडीची कागदपत्रे आणि विमा त्यांच्या ताब्यात असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्यांनी मला वाचून दाखवले. कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीच्या कागदावर आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडक रीतीने वाचले आहे. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा नवा भाग घातला तर तो बदल नव्हे, ती दुरुस्ती. पण गाडी उंच केली, काही तिसरेच बसवले आणि पुढे अपघात झाला, तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. “त्या दुकानदाराला लेखी विचारा,” त्या म्हणाल्या. मी विचारले. दुकानदार म्हणाला, “सर, लेखी नाही होत.” तिथे दोन प्रकार आपोआप गळाले.

एरवी धुळ्याला मी जातो तो इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळात. राजवाड्यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला तो धुळ्यातच, आणि त्यांनी जमवलेली दप्तरे तिथे आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस त्या कागदांत डोके घालून बसणे ही माझी चैन. यंदा नानांनी फोनवर सांगितले, “कागदं बघायला येशील तेव्हा गाडी घेऊन ये. आमच्याकडे बघतील तसं तुमच्या जळगावात कोणी बघणार नाही.”

यात नानांचा गावाभिमान आहे, पण निव्वळ तेवढेच नाही. MH-18 आणि MH-19 ही भावाभावांतली चुरस सोडली तरी एक गोष्ट खरी, की धुळे हे रस्त्यांचे गाव आहे. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो, सुरत-नागपूर रस्ता त्याला इथे छेदतो, आणि चाळीसगाव-कन्नडचा घाट उतरून औरंगाबादकडचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडचा, रस्ता इथेच येऊन मिळतो. देशाच्या चारी दिशांचे ट्रक इथे थांबतात. घाट चढून-उतरून आलेल्या ट्रकचा पाटा तुटला तर तो इथे तुटलेला लक्षात येतो. आग्रा रस्त्याने लळिंगचा किल्ला मागे टाकून गावाकडे येताना किंवा पारोळा रोडने आत शिरताना दुतर्फा ही पाट्यांची, टायरांची, वेल्डिंगची दुकाने लागतात. हवेला डिझेल आणि तापलेल्या लोखंडाचा वास.

नानांचे मिस्त्री पारोळा रोडला. साठीचे, डोळ्यांवर चष्मा, त्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. वडिलांच्या वेळेपासून ट्रकचे पाटे बांधायचा धंदा. मुलाने शेजारी मोटारींचे काम सुरू केले आहे. मी सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली, बफर, फुगे, दर सेकंदाला चार ते आठ. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि अहिराणीत एकच प्रश्न विचारला:

“सर, गाडी बशी ऱ्हायनी का डोली ऱ्हायनी?”

गाडी बसते आहे की डोलते आहे? जळगावात मला चार औषधे दाखवली गेली होती. दुखते कुठे हे कोणी विचारले नव्हते. मी म्हणालो, दोन्ही असावे. मिस्त्री म्हणाले, “तुमनी मायले इचारा.”

आईला फोन लावला. मी मधे दुभाष्या म्हणून राहणार होतो. पण पहिल्या वाक्यालाच आईने त्यांना त्यांचे गाव विचारले, आणि पुढची दहा मिनिटे माझा काही संबंध उरला नाही. तिचे माहेर साक्रीकडचे, त्यांचे आजोळ तिथलेच निघाले. त्या गप्पांतून जे कामाचे वाक्य बाहेर आले ते असे: “खड्डामा काही वाटत नई भो. खड्डा गया का मंग दुखस.” खड्ड्यात काही वाटत नाही, खड्डा गेल्यावर दुखते.

मिस्त्रींनी फोन मला परत दिला आणि मुलाला हाक मारली.

इथे थोडे यंत्राचे सांगणे भाग आहे. स्प्रिंग ही सावकारासारखी. चाक खड्ड्यात गेले, वर उसळले, की तो हिसका ती आपल्याकडे ठेवून घेते. पण सोडत नाही, परत करते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एकदा हलली की हलतच राहील. म्हणून शेजारी शॉकअप असतो. नळकांड्यात तेल, त्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. गाडी वर-खाली होऊ लागली की तेलाला त्या छिद्रांतून घुसावे लागते. त्या धडपडीत हिसक्याचा जोर उष्णता होऊन विरून जातो. नाव ‘हिसका गिळणारा’ असे असले तरी हिसका झेलते स्प्रिंग. शॉकअप गिळतो तो तिचा परतफेडीचा उत्साह. त्याचे तेल गळून गेले, आतले रबर झिजले, की स्प्रिंगला आवरणारे कोणी राहत नाही. वरून पाहणाऱ्याला गाडी मऊ वाटते. दुकानदार म्हणतो, कडक स्प्रिंग घाला. मग आवरायला कोणी नसलेला सावकार अधिकच जोरात वसुली करतो.

मिस्त्रींच्या मुलाने गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकून सारे वजन टाकले आणि एकदम सोडले. चांगली गाडी वर येऊन तिथेच थांबते. आमची गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि मग स्थिर झाली. खाली वाकून पाहिले तर मागच्या दोन्ही शॉकअपवर तेल ओघळून त्यावर धूळ बसलेली. पुढचे बरे होते, पण त्यांच्या वरची रबरी बैठक फुटली होती आणि खालच्या आर्मचे बुश खुळखुळत होते. मग त्याने टेप काढली. अंगणात आमच्याच जातीची दुसरी, दोन वर्षांची गाडी उभी होती. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत दोन्ही गाड्या मोजल्या. आमची मागून दोन सेंटिमीटर खाली. नऊ वर्षांत स्प्रिंगाही दमल्या होत्या. म्हणजे गाडी बसतही होती. पण आईला छळत होते ते डोलणे.

शेवटी मिस्त्री चाकांपाशी आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी त्या रुंद चकचकीत चाकांकडे, बिघडलेल्या पोराकडे पाहावे तसे पाहिले. चाक मोठे केले की टायरची उंची कमी होते. टायरमधली हवा हीच गाडीची पहिली स्प्रिंग; तीच बुटकी केल्यावर पुढच्यांनी काय करावे? त्यात मायलेज वाढते म्हणून आधीच्या मालकांच्या वेळेपासून चाळीस पौंड हवा भरण्याचा रिवाज. ड्रायव्हरच्या दाराच्या आत कारखान्याने एक छोटा कागद चिकटवलेला असतो. किती माणसे असता पुढे किती, मागे किती हवा, ते त्यावर लिहिलेले असते. वाचकांपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी हा अंक खाली ठेवून एकदा तो कागद वाचून यावा. त्याला पैसे पडत नाहीत.

ठरले ते असे. मागचे दोन्ही शॉकअप नवे, कारखान्याच्याच मापाचे. मागच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या, मूळच्याच ताकदीच्या. पुढच्या रबरी बैठका आणि बुश बदलायचे. अलॉय चाके विकून मूळ मापाची साधी लोखंडी चाके आणि उंच टायर घालायचे. गॅसचे शॉकअप नकोत का, मी विचारले. मिस्त्री म्हणाले, घाटात, माल लादून, दिवसभर पळणाऱ्या गाडीला ते उपयोगी. तेल तापले की साधा शॉकअप ढिला पडतो, गॅसचा तितका पडत नाही. तुम्ही धुळ्याला जाता, लडाखला नाही. हवेच्या फुग्यांना त्यांचा विरोध नव्हता. रोज माणसे वाहणाऱ्याने ते जरूर घ्यावेत, पण हवा किती आहे हे ध्यानात ठेवणारा मालक हवा. त्यांनी माझ्याकडे आणि मागच्या आसनावरच्या राजवाड्यांच्या कागदांकडे पाहिले आणि पुढे काही बोलले नाहीत. सुटे भाग आणि मजुरी मिळून १६,४०० रुपये झाले. टायरचे निराळे, पण चकचकीत चाकांना तिथेच गिऱ्हाईक मिळाल्याने ते बरेचसे भरून आले. माझ्या मते या पैशात यापेक्षा चांगले काही झाले नसते, आणि दुप्पट पैशात याहून वाईट नक्की झाले असते.

एक हिशेब मात्र कोणत्याही मिस्त्रीला सुटणारा नव्हता. सात माणसे सरासरी ६५ किलोंची धरली तर ४५५ किलो झाले. अशा गाड्यांना साधारण साडेपाचशे किलोंपर्यंत ओझ्याची मुभा असते. म्हणजे सामानाला शंभरच्या आत. आमचे धाकटे बंधुराज एकटेच ९५ किलोंचे आहेत. सौभाग्यवतींनी तोड काढली: बंधुराजांनी सपत्नीक महामंडळाच्या लाल गाडीने यावे. जळगाव-धुळे एस. टी. दिवसभर असते. बंधुराज रागावले. मग, मागच्या आसनावर गुडघे हनुवटीला लावून बसण्यापेक्षा लाल गाडी बरी, असे त्यांचेच मत झाले.

आईला आम्ही मधल्या रांगेत बसवले. सर्वांत मागचे आसन मागच्या चाकांच्या डोक्यावर येते. हिसका तिथे जास्त. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा गाडीतली सर्वांत शांत. पाठीशी एक लहान उशी, आणि चालवणाऱ्याला ताशी ६० ची शपथ. शनिवारी सकाळी निघालो. रात्रभर पाऊस झाला होता. गिरणा गढूळ, दोन्ही काठ भरून. पाळधीच्या पुढे दुतर्फा कपाशी गुडघ्याएवढी आणि तिच्यात बायका निंदत होत्या. एरंडोल आले तेव्हा मी आरशात पाहिले. आई खिडकीबाहेर कोणाच्या तरी शेतातल्या ज्वारीला नावे ठेवत होती. पारोळ्याला चहा झाला. पुढच्या लाटांवर गाडी वर गेली, खाली आली आणि थांबली. मुकटीच्या आसपास मागून खर्र खर्र आवाज येऊ लागला, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले. आई झोपली होती.

गतिरोधकांचे मात्र काही करता आले नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, असा पसरट हवा. ताशी २५ च्या वेगाने त्यावरून हळूच उतरता यावे असा. आमच्याकडच्या गावागावांनी आपापल्या हौसेने जे बांधले आहेत ते अंगणात रचलेल्या मक्याच्या कणसांसारखे. त्यांच्यापुढे शॉकअप नवा काय, जुना काय. तिथे गाडी थांबवायची, पहिला गिअर टाकायचा आणि एकेक चाक उतरवायचे.

देवपुरात नानांच्या दारी आई आपली आपण उतरली. रविवारी रात्री कानबाईची गाणी झाली तेव्हा ती खुर्चीवर बसून, बायकांना मधेच थांबवून, कुठले कडवे राहिले ते सांगत होती. सोमवारी पांझरेवर विसर्जनाला जायचा हट्ट मात्र आम्ही चालू दिला नाही. त्यावर ती दुपारपर्यंत कोणाशी बोलली नाही. मी तेवढ्यात पारोळा रोडला जाऊन मिस्त्रींना नारळ देऊन आलो. त्यांनी आधी गाडीचा कोपरा दाबून पाहिला, मग नारळ घेतला.

परतीच्या वेळी वहिनींनी मागचे दार उघडले आणि भरायला सुरुवात केली. कळण्याचे पीठ दहा किलो, बाजरी एक पोते, बिबड्यांचा डबा, भरिताची वांगी, आईला आवडतात म्हणून शेवग्याच्या शेंगांचा भारा, आणि बंधुराजांनी ‘एस. टी.त जमणार नाही’ म्हणून टाकलेली त्यांची बॅग. मी टेप घेऊन मागच्या चाकापाशी बसलो. नानांनी विचारले, “किती?” मी म्हणालो, “साडेचार सेंटिमीटर बसली.” आई मधल्या आसनावरून म्हणाली, “बाजरी राहू दे रे त्याच्यातच. मी हलकी आहे.”